घरातली दुभाषी मुलगी : ‘ला फामीय बेलिए’ची पार्श्वभूमी

डॉक्टरांच्या खोलीत तिघं बसली आहेत. नवरा-बायकोला नको त्या जागी बुरशीचा संसर्ग झालाय. काय होतं, कुठे होतं, हे ती दोघं हातवारे करून रंगवून सांगताहेत, आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी कानकोंडी होत ते डॉक्टरांना बोलून दाखवतेय. आता काही आठवडे एकमेकांपासून लांब राहा, हा डॉक्टरांचा सल्लाही तिलाच खुणांनी आई-बापाला सांगायचा आहे. आई-बाप ऐकायला तयार नाहीत. प्रेक्षागृहात हशा पिकतो.

‘ला फामीय बेलिए’ म्हणजे बेलिए कुटुंब. डिसेंबर २०१४मध्ये फ्रान्समध्ये प्रदर्शित झालेल्या या सिनेमातल्या या प्रसंगावर लोक खूप हसले. पण या मुलीवर ही वेळ का आली? गोठ्याचा हिशेब, चाऱ्याच्या व्यापाऱ्याला फोन, बाजारात चीजचा गाळा, बँक, दवाखाना, सगळीकडे कर्णबधिर घरातल्या एकट्या ऐकू येणाऱ्या मुलीलाच का उभं राहावं लागतं? सिनेमा याचं उत्तर देत नाही. ते फ्रान्समधल्या शाळांच्या इतिहासात सापडतं.

कर्णबधिर मुलांना खुणांच्या भाषेतून शिकवण्याची परंपरा पॅरिसमध्येच रुजली, असं म्हटलं तरी चालेल. १७६०च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूने तिथे शाळा काढली. मुलं आपसात ज्या खुणा करत, त्यांचाच आधार घेऊन त्याने शिकवायला सुरुवात केली. क्रांतीच्या काळात ही शाळा सरकारने आपल्याकडे घेतली. तिथला विद्यार्थी आणि पुढे शिक्षक झालेला लोराँ क्लेर १८१६मध्ये थॉमस गॅलोडेटबरोबर अमेरिकेला गेला आणि पुढच्याच वर्षी हार्टफर्डला दोघांनी शाळा उभी केली. आजची अमेरिकन खुणांची भाषा बऱ्याच अंशी फ्रेंच खुणांच्या भाषेची लेक आहे, ती या प्रवासामुळे. पुढे सिनेमाही याच वाटेने गेला, म्हणून हे लक्षात असू द्यावं.

मग १८८० उजाडलं. मिलान शहरात शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने ठराव केला की कर्णबधिर मुलांना तोंडी बोलायलाच शिकवावं, खुणा नकोत. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. ज्यांच्याविषयी ठरत होतं त्यांना कुणी विचारलं नाही. फ्रान्सने हा ठराव मनापासून अमलात आणला. जवळपास शंभर वर्षं वर्गात खुणा करणं हा अपराध होता. हात मागे बांधून बसवल्याच्या आठवणी सांगणारी माणसं विसाव्या शतकातही होती. ओठ वाचा, घसा कंप पावतो तो हाताने चाचपा, आवाज काढा, यात शाळेची वर्षं सरत. गणित, इतिहास, लिहिणं-वाचणं मागे पडे.

ही कोंडी फुटायला १९७०चं दशक यावं लागलं. अमेरिकेहून आलेला कर्णबधिर कलावंत अल्फ्रेडो कोराडो याने आणखी काही जणांबरोबर पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यात ‘इंटरनॅशनल व्हिज्युअल थिएटर’ सुरू केलं. तिथे नाटकं झालीच, पण खुणांच्या भाषेचे वर्गही भरू लागले. शाळेत ज्या भाषेची लाज बाळगायला शिकवलं होतं, ती मोठ्या वयाची माणसं तिथे ताठ मानेने वापरू लागली. १९९१मध्ये कायद्याने पालकांना मुलांसाठी दुभाषिक शिक्षण निवडण्याची मुभा दिली आणि २००५मध्ये फ्रेंच खुणांच्या भाषेला पूर्ण भाषा म्हणून मान्यता मिळाली. सिनेमातले आई-बाप, रोदोल्फ आणि जीजी बेलिए, २०१४मध्ये चाळिशी-पंचेचाळिशीचे दिसतात. म्हणजे त्यांची सगळी शाळा १९९१च्या आधीची. रोदोल्फ गावचा महापौर व्हायला निघतो तेव्हा त्याची मुलाखत मुलीला भाषांतरित करावी लागते. ते विनोदासाठी रचलेलं असेल, पण हवेतून आलेलं नाही. त्या पिढीच्या कित्येक घरांत पहिला दुभाषी घरातलं मूलच असे.

असंच एक मूल म्हणजे व्हेरोनिक पुलें. तिचे आई-वडील दोघंही कर्णबधिर. ती मोठी झाल्यावर विनोदी नट गी बेदोस यांची साहाय्यक म्हणून काम करत होती. घरातले किस्से ती रंगवून सांगे. बेदोस यांची मुलगी व्हिक्टोरिया हिच्या कानावर ते पडले आणि तिच्या डोक्यात सिनेमाची कल्पना आली: गाणारी मुलगी, न ऐकू शकणारे आई-बाप. पुलेंचं आठवणींचं छोटेखानी पुस्तकही २०१४मध्येच आलं. त्यात विनोद आहे, पण पोटात राग आहे, लाज आहे, लाजेची पुन्हा लाज आहे. सिनेमाने त्यातला विनोद आणि माया ठेवली आणि बाकीचं बरंचसं गाळलं. मला विचाराल तर सिनेमाचं यश आणि त्याचा तोकडेपणा, दोन्ही या गाळणीतून आलं.

व्हिक्टोरिया बेदोस आणि स्तानिस्लास कारे द मालबेर यांच्या पटकथेवर मग दिग्दर्शक एरिक लार्तिगो आणि तोमा बिदगें यांनी हात फिरवला. बिदगें हे जाक ओदियार यांच्या सिनेमांचे लेखक, म्हणजे तुरुंग, गुन्हेगारी, मोडलेली शरीरं असल्या जड विषयांतला माणूस. लार्तिगो यांचा पिंड हलक्याफुलक्या विनोदाचा. चित्रीकरण फ्रान्सच्या वायव्येकडच्या मायेन भागात, लासे-ले-शातो या गावाच्या परिसरात झालं. हिरवी कुरणं, गायी, आठवडी बाजार. शहरी फ्रेंच प्रेक्षकाला आपलं आजोळ वाटावं, असा हा मुलूख.

आईच्या भूमिकेत कारीन व्हियार. अभिनयाचे सेझार, म्हणजे फ्रेंच सिनेमातले मानाचे पुरस्कार, आधीच घरी असलेली, वेळ आली तर पडदाभर उधळणारी नटी. वडील फ्रान्स्वा दामियँ हे बेल्जियन, छुप्या कॅमेऱ्याने लोकांची फिरकी घेण्यासाठी प्रसिद्ध. दोघंही ऐकू येणारे. त्यांनी भूमिकेसाठी खुणांची भाषा शिकून घेतली. धाकट्या भावाचं काम करणारा लुका गेल्बर्ग मात्र खरोखर कर्णबधिर. शाळेतला वैतागलेला गाण्याचा मास्तर तोमासों झाला एरिक एल्मोस्निनो. त्याने काही वर्षांपूर्वी पडद्यावर गायक सेर्ज गेन्सबूर साकारून सेझार मिळवला होता.

पण सिनेमा उचलून धरला तो मुलीचं, म्हणजे पोलाचं, काम करणाऱ्या लुआनने. उत्तर फ्रान्समधल्या एनें-बोमों इथली ही मुलगी २०१३मध्ये टीव्हीवरच्या ‘द व्हॉइस’ स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचली होती. अभिनयाचा अनुभव शून्य. त्याच वर्षी तिचे वडील वारले आणि पुढच्या वर्षी आई. आई-वडिलांना सोडून गाण्यासाठी पॅरिसला निघणारी मुलगी तिने साकारली, तेव्हा तिच्या स्वतःच्या घरात हे चाललं होतं. प्रेक्षकांतल्या अनेकांना ते माहीत होतं, आणि शेवटच्या गाण्याच्या वेळी थिएटरात जी रडारड झाली तिच्यात याचा वाटा होताच. तिला उदयोन्मुख अभिनेत्रीचा सेझार मिळाला. सहा नामांकनांपैकी सिनेमाच्या पदरात पडलेला तो एकमेव पुरस्कार. २०१५मध्ये आलेला तिचा पहिला अल्बम फ्रान्समध्ये तुफान खपला. २०२५च्या युरोव्हिजन गायनस्पर्धेत तिने फ्रान्सतर्फे गायलेलं ‘मामाँ’ हे गाणं आईसाठीच होतं.

आता गाण्यांविषयी. तोमासों मास्तर मुलांकडून गाऊन घेतो ती सगळी मिशेल सार्दूची. मोत्सार्ट शास्त्रीय संगीतात जो आहे तोच सार्दू फ्रेंच सुगम गाण्यात, असं तो वर्गाला ठणकावून सांगतो आणि पोरं डोळे फिरवतात. हा विनोद आपल्यापर्यंत पूर्ण पोचत नाही, कारण सार्दू हे फ्रान्समध्ये साधं नाव नाही. १९७०च्या दशकात त्याची गाणी घराघरांत वाजत होती, आणि त्याच काळात फाशीच्या बाजूने आणि वसाहतींच्या दिवसांविषयी गायल्यामुळे १९७७मध्ये त्याच्या कार्यक्रमांसमोर निदर्शनं होत होती. उजव्यांचा गायक हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला. गी बेदोस हे उघडउघड डावे. त्यांच्या मुलीच्या पटकथेत सार्दूचा असा गौरव व्हावा, यातली गंमत फ्रेंच प्रेक्षकाने बरोबर टिपली.

पोला शेवटी गाते ते ‘ज व्होल’, म्हणजे ‘मी उडतेय’, हे १९७८चं गाणं. आई-बाबा, मी निघतोय, माझं तुमच्यावर प्रेम आहे, पण मी निघतोय, असा त्याचा सूर. अनेकांनी ते एका पोराच्या आत्महत्येचं गाणं म्हणूनही ऐकलं होतं. पोला रेडिओ फ्रान्सच्या गायनशाळेच्या परीक्षेत ते गाते आणि मागे बसलेल्या आई-वडिलांसाठी मध्येच हातांनीही बोलू लागते, तेव्हा तो काळा अर्थ गळून पडतो आणि उरतं ते पोर घरटं सोडत असल्याचं गाणं. या दृश्याची किमया मान्य करायलाच हवी. त्याआधीचा शाळेतल्या कार्यक्रमाचा प्रसंग मला त्याहून मोठा वाटतो. पोला आणि तिच्या शाळेतला गाब्रिएल युगुलगीत गाताहेत आणि ऐन भरात दिग्दर्शक आवाजच बंद करून टाकतो. आपण आई-बापाच्या जागी जाऊन बसतो. ऐकू काहीच येत नाही. शेजारच्या बाईचे डोळे पाणावलेत एवढं दिसतं, त्यावरून मुलगी चांगली गात असणार, असा अंदाज बांधायचा.

फ्रान्समध्ये ७० लाखांहून अधिक तिकिटं विकली गेली. टीकाही झाली, आणि ती प्रामुख्याने कर्णबधिरांकडून. त्यांच्या भूमिकांत ऐकू येणारे नट का? हातवारे इतके भडक का? त्या खुणा नीट कळत नाहीत, अशीही तक्रार होती. आणि एक खोलवरचा आक्षेप: कर्णबधिर माणूस जणू मुलीवाचून पांगळा, आणि संगीत नसलेलं आयुष्य म्हणजे जणू दुःख, असं का दाखवावं?

हा आक्षेप नवा नव्हता, आणि नट मिळत नाहीत ही सबब तर अजिबात चालण्यासारखी नव्हती. १९९६च्या अखेरीस जर्मन दिग्दर्शिका कारोलिने लिंक हिने जवळपास याच गाभ्याचा सिनेमा केला होता. कर्णबधिर आई-बाप आणि क्लॅरिनेट वाजवणारी मुलगी. त्यात दोन्ही पालक खऱ्या आयुष्यातही कर्णबधिर असलेल्या नटांनी साकारले, आणि त्यांतली आई होती एमान्युएल लाबोरी, फ्रेंच नटी. तिला १९९३मध्येच रंगभूमीसाठीचा मोलिएर पुरस्कार मिळाला होता. म्हणजे जर्मनांनी आई फ्रान्समधून नेली आणि फ्रेंचांना अठरा वर्षांनंतरही घरातली सापडली नाही.

त्याच १९९६च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे ‘खामोशी’ आला होता. संजय लीला भन्साळी यांचा पहिला सिनेमा. गोव्यातलं ब्रागांझा कुटुंब. कर्णबधिर जोसेफ आणि फ्लेवी झाले नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास, आणि गाणारी मुलगी अ‍ॅनी म्हणजे मनीषा कोईराला. तिकीटबारीवर तो आपटला, पुढे त्याचे चाहते वाढले. जर्मनी आणि भारत एकाच वर्षी एकाच गोष्टीपाशी पोचले, यात कुणी कुणाचं उचललं असं समजायचं कारण नाही. न ऐकणारे आई-बाप आणि सुरांत रमलेली लेक हा पेच इतका उघड आहे की कुणालाही सुचावा. नानांचा जोसेफ पाहिलेल्या मराठी माणसाला रोदोल्फ बेलिए पाहताना तो आठवणारच. फरक असा की भन्साळींनी त्या घरात दारिद्र्य आणि मरण आणलं, बेलिएंच्या घरात चीज आणि निवडणूक आहे.

फ्रेंच सिनेमाचे एक निर्माते फिलिप रूसले यांनी पुढे हीच कथा अमेरिकेत नेली. शान हेडर हिने ती नव्याने लिहिली. मायेनच्या गायी गेल्या आणि मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरची मासेमारीची होडी आली. सार्दू जाऊन गायिका जोनी मिचेल आली. थोरला भाऊ आला, आणि त्याचा बहिणीवरचा राग आला: तिच्याशिवाय आपलं चालत नाही, असं घरच्यांनी गृहीत का धरावं? हा राग फ्रेंच सिनेमात इतक्या स्पष्टपणे नव्हता. कर्णबधिर नटी मार्ली मॅटलिन आईच्या भूमिकेसाठी आधीच ठरली होती. वडिलांसाठी ऐकू येणारा मोठा नट घ्यावा, असा पैसे लावणाऱ्यांचा आग्रह सुरू झाला, तेव्हा तसं असेल तर मी निघाले, असं तिने बजावलं. मग वडिलांच्या भूमिकेत ट्रॉय कॉट्सर आणि भावाच्या भूमिकेत डॅनियल ड्युरांट आले, दोघंही कर्णबधिर.

‘कोडा’ (‘चाइल्ड ऑफ डेफ अ‍ॅडल्ट्स’, म्हणजे कर्णबधिर आई-बापांचं मूल) नावाने तो सिनेमा जानेवारी २०२१मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि अ‍ॅपलने तो सुमारे २ कोटी ५० लाख डॉलरना घेतला. मार्च २०२२मध्ये त्याला तीन ऑस्कर मिळाले: सर्वोत्कृष्ट चित्रपट, कॉट्सरला साहाय्यक अभिनेत्याचा, आणि हेडरला आधारित पटकथेचा. मुलीचं गाणं चालू असताना आवाज बंद करण्याची लार्तिगो यांची युक्ती हेडरने तशीच ठेवली, फक्त या वेळी त्या शांततेत बसलेले आई-बाप नट म्हणूनही ती शांतता ओळखणारे होते.