फूट किती झालं?

जुलै लागला की कोल्हापुरात जेवलास काय विचारायच्या आधी लोक विचारतात, "फूट किती झालं?" राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, २०१९ ला ती ५५ च्या वर गेली आणि २०२१ ला ५६ च्या, त्यामुळं हे आकडे आता शाळकरी पोरांनाही पाठ झालेत. जुन्या माणसांची पट्टी वेगळीच, शिवाजी पुलाच्या कमानींमधल्या माशाच्या आकाराला पाणी टेकलं की म्हणायचं मच्छिंद्री झाली, ना बॅटरी ना सिग्नल.

आता पट्टीच्या जोडीला रडार आलंय. पुलाला खाली तोंड करून एक डबा बसवतात, तो पाण्यावर मायक्रोवेव्ह लहर सोडतो आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. पाणी १० मीटर खाली असलं तर जाऊन-येऊन साधारण ६७ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा आणि त्यातले ६७ घ्या! सोलर पॅनेलवर चालतं, आकडा मोबाईल नेटवर्कनं नाहीतर सॅटेलाईटनं जातो, आणि डबा पाण्यात नसल्यामुळं वाहून आलेलं झाड त्याला धडकत नाही. पण खाली जलपर्णी अडकून बसली तर गडी पाण्याऐवजी तिचीच उंची सांगत बसतो, म्हणून माणसानं एक चक्कर मारून बघावंच लागतं.

खरी गंमत पुढं आहे. फूट म्हणजे फक्त उंची, पाणी किती वाहतंय ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी गेलं त्यात मोजतात, आणि उंचीवरून क्युसेक काढायचा तक्ता प्रत्येक ठिकाणासाठी आधी प्रत्यक्ष मोजून तयार करावा लागतो. पण हा तक्ता पुराच्या वेळीच दगा देऊ शकतो. मोरीत बादली ओतली आणि पुढचं गटार तुंबलेलं असलं की पाणी कसं तिथंच चढतं, अगदी तसंच, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते तिथं कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागाच नसते, वरून येणारं पाणी कमी झालं तरी फूट काय उतरत नाही. म्हणजे ४५ फूट हा आकडा एका दिवशी वेगळा प्रवाह सांगतो आणि दुसऱ्या दिवशी वेगळा, आणि कुठला ते कळायला खालची पातळी माहीत पाहिजे.

आणि खाली म्हणजे कर्नाटक. कृष्णेवरचं आलमट्टी धरण सांगलीपासून दोनशे किलोमीटरच्या वर लांब, त्याचा फुगवटा, म्हणजे अडून मागं चढलेलं पाणी, इथवर येतो का यावर चहाच्या टपरीपासून तज्ज्ञांपर्यंत वाद आहेत, मी त्यात पडत नाही. पण १ टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, पाणी एका दिवसात सोडायचं तर सतत ११,५७४ क्युसेक सोडावे लागतात, म्हणजे धरणात जागा करायची तर पूर यायच्या कितीतरी दिवस आधी सुरुवात पाहिजे, आणि त्यासाठी वरचा पाऊस आणि विसर्ग कर्नाटकवाल्यांना वेळेवर कळला पाहिजे. पावसाळ्यात दोन्हीकडचे इंजिनिअर एकमेकांना आकडे कळवतात ते यासाठीच. दोन देशांत हेच जास्त नाजूक होतं, ब्रह्मपुत्रेच्या पातळीचे आकडे पावसाळ्यात भारताला द्यायचा करार चीननं २००२ ला केला, आणि २०१७ ला डोकलामच्या सीमेवरच्या तणावात ते आलेच नाहीत.

मग वरून सॅटेलाईटनंच का बघू नये? बघतात की. अमेरिका आणि फ्रान्सचा स्वॉट नावाचा सॅटेलाईट डिसेंबर २०२२ ला गेला, साधारण १०० मीटरपेक्षा रुंद नद्यांची पातळी तो थेट मोजतो. पण त्याचं चक्र २१ दिवसांचं, तेवढ्यात आमचा पूर येऊन, उतरून, चिखल काढून पण होतो.

त्यामुळं शिरोळ तालुक्यात अजून जुनी सिस्टीम चालूच आहे. इकडच्या कितीतरी घरांचे पाहुणे पलीकडं कर्नाटकातल्या चिकोडी भागात, रात्री पाऊस लागला की आधी राजारामचा आकडा बघायचा आणि मग येडूरला फोन लावायचा, "आक्का, तुमच्यात पाणी कुठवर आलंय गं?"