मधमाश्यांचं नवं घर कोण ठरवतं?

१९४९च्या वसंतात म्यूनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या तरुण संशोधकाला झुडपाला लटकलेला मधमाश्यांचा घोळका दिसला. घोळक्यावर काही माश्या नाचत होत्या. माशी नाचते ती फुलांचा पत्ता सांगायला, हे त्याचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांनी आधीच उलगडलं होतं. पण या माश्यांच्या पायांवर पराग नव्हता. उलट त्या चांगल्याच मळलेल्या होत्या. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने लाल, कुणी पिठाने पांढरी. युद्धात पडझड झालेल्या शहरातली धुराडी आणि भिंतींतली भगदाडं धुंडाळून त्या आल्या होत्या. फुलांचा इथे संबंधच नव्हता, नाच चालला होता तो राहायच्या जागेसाठी.

पोळ्यात दाटी झाली की जुनी राणी हजारो कामकरी माश्यांसह बाहेर पडते आणि घोळका एखाद्या फांदीला लोंबकळून राहतो. जागा निवडण्यात राणीचा काडीचाही हात नसतो. ती आत बसून असते, बाकीच्या जातील तिथे जाते. शोध घेतात त्या टेहळ्या. दहा हजारांच्या घोळक्यात त्या जेमतेम काही शे असतात, आणि बहुतेक वयाने मोठ्या, बाहेरचं जग पाहिलेल्या.

त्या काय पाहतात, हे अमेरिकेतल्या थॉमस सीली यांनी वर्षानुवर्षं खपून शोधलं. टेहळी ढोलीत शिरते, काळोखात भिंतींवरून चालते, छोट्या उड्या मारते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. पहिल्या पाहणीला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. साधारण ४० लिटरची पोकळी आणि लहानसं दार तिला पसंत पडतं. कारण सरळ आहे: ढोली लहान असेल तर हिवाळ्यापुरता मध मावत नाही, आणि दार मोठं असेल तर थंडी आत येते.

परतल्यावर ती घोळक्यावर नाचते. नाचाच्या कोनातून दिशा कळते, नाचताना अंगाचा कंप किती वेळ टिकतो त्यावरून अंतर. जागा उत्तम असेल तर नाचाचे फेरे जास्त, बेताची असेल तर कमी. नाच पाहणारी माशी मात्र ऐकीव गोष्टीवर नाचत नाही. ती स्वतः जाऊन पाहते आणि तिला जेवढी आवडली तेवढंच नाचते. पहिलीचा अंदाज चुकला असेल तर तो इथेच उघडा पडतो.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. जागा कितीही चांगली असो, दर खेपेला टेहळीचा नाच आखूड होत जातो आणि शेवटी थांबतो. हट्ट नाही. सोसायटीच्या सभेत एकच काका तासभर माइक सोडत नाहीत, तसं इथे होत नाही. बेताच्या जागेचे फेरे मुळातच कमी असतात, त्यामुळे नवे पाठीराखे मिळायच्या आत तिचा प्रचार संपतो. उत्तम जागेला वेळ मिळतो आणि समर्थक वाढत जातात. शिवाय विरोधही होतो. एका जागेच्या टेहळ्या दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन बारीक ‘बीप’ काढतात. अशा पुरेशा ढुश्या बसल्या की ती नाच आवरते. २०१२ साली सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढोलीसारख्या ठेवलेल्या दोन रिकाम्या पेट्यांवर येणाऱ्या टेहळ्यांना वेगवेगळे रंग लावून हे दाखवून दिलं.

मग ठरलं हे कळतं कसं? सगळ्यांचं एकमत झालं की, असं आधी वाटत होतं. सीली आणि त्यांचे सहकारी कर्क विशर यांनी अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या ॲपलडोर बेटावर एक गंमत केली. मोठी झाडं नसलेल्या या बेटावर ढोल्यांची वानवा, त्यामुळे माश्यांना संशोधकांच्या पेट्यांशिवाय फारसा पर्याय नसतो. त्यांनी एकाच ठिकाणी पाच सारख्या पेट्या शेजारीशेजारी ठेवल्या. नाच सगळे एकाच दिशेचे, म्हणजे एकमत होतं. पण टेहळ्या पाच दारांत विभागल्या गेल्या आणि उड्डाण रखडलं. म्हणजे नाचाची मोजदाद कुणीच करत नव्हतं. टेहळ्या पाहत होत्या ते नव्या जागेच्या दाराशी एका वेळी किती जणी आहेत ते. वीस-तीस जणी दिसल्या की त्या परतून घोळक्यात घुसतात आणि चिरका आवाज काढत फिरतात. बाकीच्या पंखांचे स्नायू थरथरवून ३५ अंशांपर्यंत तापतात, आणि मिनिटभरात सगळा घोळका हवेत उठतो.

या पद्धतीतून कंपन्यांसाठी धडे काढायची हल्ली हौस आहे. जरा जपून. या माश्या एकाच आईच्या लेकी आहेत, जागा चुकली तर सगळ्याच मरतात. दलाली कुणालाच मिळत नाही. आणि पद्धत चुकतेही. निवाडा होण्याआधीच उडालेला घोळका हवेत दुभंगताना लिंडाउअरने पाहिला होता.

उडाल्यावर वाट कोण दाखवतं, हा प्रश्न उरतोच, कारण शंभरात जेमतेम पाच माश्यांनी ती जागा पाहिलेली असते. वासाने ओढत नेत असतील, अशी एक शंका होती. संशोधक मादलेन बेकमन आणि सहकाऱ्यांनी घोळक्यातल्या माश्यांच्या गंधग्रंथी रंगाने बुजवल्या, तरी घोळका बरोबर ठिकाणी पोचला. उडत्या घोळक्याच्या फोटोंत दिसतं ते असं: काही माश्या घोळक्याच्या वरच्या थरातून मुक्कामाच्या दिशेने सुसाट जातात, आणि बाकीच्या त्यांच्या रोखाने वळतात.