पैठणीतली धूपछाव

पैठणी घेताना जाणती बाई पदर आधी उलटा करून बघते. मोर समोरून देखणा आहे का, हे नंतर. मागच्या बाजूलाही तो तितकाच स्वच्छ उमटला असेल, धागे लोंबत नसतील, तर ती हातमागावरची खरी विणाई. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत नक्षीचा धागा नको असेल तिथे कापडाच्या पाठीमागून पळत जातो. पारंपरिक पैठणीच्या पदरात असा जादा धागा नसतोच. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी (विणकर तिला तिल्ली म्हणतात) ताण्यातून (मागावरच्या उभ्या धाग्यांतून) आपल्या हद्दीपुरतीच जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्याला अडकते आणि माघारी फिरते. मोराची निळी मान संपते तिथेच जरीची जमीन सुरू होते. एका ओळीतल्या सगळ्या तिल्ल्या अशा फिरवून झाल्या की फणी ठोकायची आणि पुढची ओळ धरायची. भरगच्च पदराची पैठणी मागावरून उतरायला कित्येक महिने जातात, ते यामुळे. पैठण आणि येवल्याच्या या कापडाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मला मात्र खरं नवल वाटतं ते पैठणीच्या अंगाच्या रंगाचं. आईच्या पैठणीला आम्ही जांभळी म्हणायचो, मावशी ठामपणे लालच म्हणायची. बरोबर दोन्ही बाजू होत्या. त्या पैठणीचा ताणा लाल आहे आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, निळा.

आता धाग्याकडे एक बारीक नळकांडं म्हणून बघा. नळकांड्यावर पडलेला उजेड त्याच्या दोन्ही कुशींना पंख्यासारखा पसरतो, लांबीच्या दिशेने मात्र आरशासारखा ठरावीक कोनातच परततो. ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून दोघांचे पंखेही वेगळ्या दिशांना उघडतात. नेसणारी जरा वळली, निरी हलली, की ताण्याचा पंखा डोळ्यांवरून सरकतो आणि बाण्याचा येतो. लाल मावळून निळा उगवतो. दुरून, सौम्य उजेडात दोन्ही एकत्र पोचतात आणि जांभळा दिसतो.

सुती लुगड्यातही असे दोन रंग विणतात, पण तिथे ही जादू मंद असते. कापसाचा तंतू आखूड आणि पिळदार, त्यामुळे उजेड सगळीकडे विखुरतो. रेशमाच्या किड्याने कोशासाठी काढलेला तंतू मात्र शेकडो मीटर अखंड असतो. त्याचा छेद घेतला तर तो गोल नसतो, कोपरे घासलेल्या त्रिकोणासारखा असतो. त्या सपाट बाजू उजेड नीट परतवतात. शिवाय तंतू पारदर्शक असल्याने थोडा उजेड आत शिरतो आणि रंगातून गाळून बाहेर येतो, म्हणून रेशमाच्या चकाकीलाही रंग असतो.

ही चमक कोशात लपलेली असते. किडा एकाच वेळी फायब्रॉइन या प्रथिनाचे दोन तंतू काढतो आणि सेरिसिन नावाच्या चिकट प्रथिनाने ते एकमेकांना चिकटवतो. कच्चं रेशीम यामुळेच राठ आणि निस्तेज लागतं. साबणाच्या पाण्यात उकळलं की सेरिसिन निघून जातं. वजन जवळपास चौथाईने घटतं आणि राहतं ते मऊ, तेजस्वी फायब्रॉइन. रंगाऱ्याचा रंगही त्यावर एकसारखा चढतो.

जुन्या पैठणीची जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वरून सोन्याचा मुलामा. मुलामा झिजला की हवेतले गंधकाचे अंश चांदीशी जुळतात आणि जर काळवंडते. म्हणून पैठणी मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवायची आणि तिच्यावर अत्तर शिंपडायचं नाही. घडीही दर काही महिन्यांनी बदलायची, कारण तार आणि तंतू एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडले तर तिथेच तुटतात. आईच्या पैठणीला जुन्या घडीवर एक बारीक चीर गेली आहे. चिरेच्या कडेला लाल आणि निळे धागे वेगवेगळे, सुटे दिसतात. जांभळा एकही नाही.