एका थेंबात काय सापडणार?

विहिरीचं पाणी तपासायला गावात एक छोटी बाटली येते. आत औषध मुरवलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि उबदार जागी ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी पाणी शाईसारखं काळं झालेलं दिसलं, तर ते पिऊ नये. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी १९८२ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली.

काळं का होतं? विष्ठेतले काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याला जो वास येतो, तो याच वायूचा. कागदातल्या लोहाच्या क्षाराशी त्याची गाठ पडली की काळं आयर्न सल्फाइड तयार होतं. गंमत म्हणजे ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं तो ई. कोलाय नावाचा जिवाणू मात्र हा वायू सहसा सोडत नाही. इथे पकडले जातात ते त्याचे सोबती.

पण रात्रभर थांबायचं कशाला? कोरोनाच्या किटसारखी पंधरा मिनिटांत रेघ उमटवणारी पट्टी का नाही?

अडचण मोजणीची आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये. १०० मिलिलिटर म्हणजे साधारण २,००० थेंब. जिवाणू एकच असेल तर १,९९९ थेंब निर्दोष निघणार, आणि पट्टीवर टाकतो आपण दोन-चार थेंब! म्हणून आधी त्याला वाढू द्यायचं. पोषक वातावरणात ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एकाचे सात तासांत २० लाखांवर होतात.

जिवाणूऐवजी त्याचा डीएनएच दुप्पट-दुप्पट करत नेला, तर वेळ वाचतो. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं यंत्र क्षयरोगासाठी हेच करतं, तेही तासाभरात. एरवी क्षयाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवायला काही आठवडे जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या यंत्राची शिफारस केली. पण बेडक्यात जंतूंची दाटी असू शकते. पाण्यात ते विरळ असतात, त्यामुळे आधी बारीक छिद्रांच्या पडद्यातून भरपूर पाणी गाळून त्यांना एका जागी आणावं लागतं. पाणी तपासणाऱ्या स्वस्त सेन्सरची बातमी वाचताना मी म्हणून आधी एकच गोष्ट शोधतो: पाणी किती गाळलं? बातमीत बहुतेक वेळा तेच नसतं.

आणखी एक पेच आहे. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर जिवाणू मरतात, पण त्यांचा डीएनए काही काळ पाण्यात तसाच राहतो. यंत्राला मेलेला आणि जिवंत सारखाच. बाटलीत मात्र मेलेला वाढत नाही आणि वायूही सोडत नाही. त्यामुळे टीसीएल टाकल्यानंतर विहिरीत कोणी जिवंत उरलंय का, हे पाहायला सकाळपर्यंत थांबणारी ती बाटलीच अजून कामाला येते.