पार्श्वभूमी : योगाश्रमातली ‘सेवा’, भांड्यांच्या पाळीपासून किमान वेतनापर्यंत

निवासी योगकेंद्रात स्वयंसेवक म्हणून दाखल होणाऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी सहसा दोन कागद पडतात. एक वेळापत्रक, दुसरे करारपत्र. वेळापत्रकात ‘कर्मयोग’ किंवा ‘सेवा’ या नावाखाली रोजचे चार ते सहा तास राखलेले असतात. करारपत्रात आठवड्याचे तास, सुट्टीचा दिवस, राहण्या-जेवणाची सोय आणि ‘हे नोकरीचे नाते नाही’ अशा अर्थाचे एक कलम असते. वेळापत्रक गुरूच्या घरातून आले, करारपत्र कोर्टाच्या पायरीवरून. ते कसे, हे समजून घ्यायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

१८९५ च्या उन्हाळ्यात विवेकानंद अमेरिकेत सेंट लॉरेन्स नदीवरच्या थाउजंड आयलंड पार्क येथे, एका शिष्येच्या घरी, सुमारे सात आठवडे राहिले. येऊनजाऊन शिकणारे सगळे मिळून बारा जण. नोकर ठेवायचा नाही, घरकाम सगळ्यांनी वाटून घ्यायचे असे ठरले होते. पुढे काय झाले ते त्या बारा जणांतल्या सिस्टर ख्रिस्तीन यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. बहुतेकांना घरकामाची सवयच नव्हती. सुरुवातीला गंमत वाटली, मग सगळे कोलमडायची वेळ आली. जिच्या वाट्याला पाव कापण्याचे काम आले होते ती बाई ते काम कण्हत-कुंथत, अगदी रडकुंडीला येऊन करी. विवेकानंद मधूनच ‘आज स्वयंपाक मी करतो’ म्हणून चुलीपाशी उभे राहात. त्याच डिसेंबरपासून न्यूयॉर्कमध्ये त्यांची कर्मयोगावरची व्याख्याने सुरू झाली. निष्काम कर्म पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे तत्त्वज्ञान म्हणून मांडले गेले, त्याआधी ते एका स्वयंपाकघरात आपटी खाऊन बसले होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पाच वर्षांनी, १९०० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सॅन अँटोन खोऱ्यात शांती आश्रम सुरू झाला. एका शिष्येने दिलेली १६० एकर जमीन आणि विवेकानंदांचे गुरुबंधू स्वामी तुरीयानंद यांच्याबरोबर गेलेले डझनभर विद्यार्थी. राहायला मुख्यतः तंबू, आणि पाणी काही मैलांवरून वाहून आणायचे. इथे काम वाटून घेणे हा साधनेचा भाग आहे की नाही, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पाणी आणले नाही तर दुपारी चूल पेटणार नव्हती.

भारतात त्या काळी चित्र वेगळे होते. आश्रम चालायचा तो दानावर, शिध्यावर आणि अन्नछत्रावर. शिष्य गुरूकडे राहायचा, पडेल ते काम करायचा, आणि त्याचा हिशेब कोणी मांडत नसे, कारण मांडण्यासारखा पैसाच मधे नव्हता. विसाव्या शतकात योगाच्या आधुनिक संस्था उभ्या राहिल्या त्या मात्र या वळणाच्या नव्हत्या. श्री योगेंद्र यांची १९१८ ची मुंबईतली योग इन्स्टिट्यूट गृहस्थांसाठी होती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात काढलेल्या कैवल्यधामाचा भर प्रयोगशाळा, संशोधन आणि उपचारांवर होता. आज जगभरच्या निवासी केंद्रांत जी दिनचर्या दिसते, तिचा सांगाडा बव्हंशी ऋषिकेशहून आलेला आहे.

तिथले स्वामी शिवानंद पेशाने डॉक्टर. मलायात सुमारे दहा वर्षे काम करून ते १९२३ मध्ये परतले, पुढच्या वर्षी त्यांनी संन्यास घेतला, आणि १९२७ मध्ये लक्ष्मणझुल्याजवळ यात्रेकरू व साधूंसाठी दवाखाना सुरू केला. १९३४ मध्ये ते गंगेच्या दुसऱ्या तीरावर, गोठ्यासारख्या एका पडक्या कुटीत राहायला गेले. तिथेच १९३६ मध्ये डिव्हाइन लाइफ सोसायटी स्थापन झाली आणि १९४८ मध्ये योग-वेदान्त फॉरेस्ट अकादमी. येणाऱ्या शिष्याला आसन-प्राणायाम शिकायला मिळे, पण त्याबरोबर दवाखान्यात पट्टी बांधणे, टंकलेखन, छपाई, पुस्तकांची पार्सले बांधून टपालात टाकणे, स्वयंपाक हेही असे. सेवेने मन स्वच्छ झाल्याशिवाय ध्यान लागत नाही, ही त्यांची भूमिका होती आणि आश्रमाची रचना तिच्यावर बेतलेली होती.

त्यांचे शिष्य विष्णुदेवानंद १९५७ मध्ये पश्चिमेकडे निघाले. १९५९ मध्ये माँट्रियलला केंद्र, मग क्युबेकमधल्या व्हाल-मोरँ इथे आश्रम, १९६७ मध्ये बहामाजला, १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात. १९६९ पासून त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा निवासी अभ्यासक्रम सुरू केला. या केंद्रांचे वेळापत्रक बारकाईने पाहावे. साडेपाचला उठायचे. सहाला सत्संग, आठला आसनांचा वर्ग, दहाला पहिले जेवण. दुपारी चारला दुसरा वर्ग, सहाला दुसरे जेवण, आठला पुन्हा सत्संग, साडेदहाच्या सुमारास दिवे बंद. यात रिकामे उरतात ते अकरा ते चार हे पाच तास, आणि सेवा बसते ती तिथे. म्हणजे ‘चार ते सहा तास’ हा आकडा कोणी श्रमशास्त्राचा अभ्यास करून काढलेला नाही, दोन जेवणे आणि दोन आसनवर्ग यांच्या मधे जी फट राहिली ती मोजली आहे. झोपही याच हिशेबाने सात तासांवर जात नाही, आणि रात्रीची भांडी ज्याच्याकडे असतील त्याची साडेसहावर येते.

हा आराखडा वीस-पंचवीस माणसांत उत्तम चालतो. अडचण सुरू झाली ती मोठ्या इमारती आणि पैसे भरून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर. योगगुरू अमृत देसाईंचा कृपालु आश्रम १९८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातून मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्सला, जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाच्या जुन्या गुरुकुलाच्या प्रचंड इमारतीत गेला. शेकडो निवासी शिष्य जवळजवळ बिनपगारी राबत आणि शिबिरार्थी शुल्क भरून येत. स्वामी सच्चिदानंदांचे योगव्हिल हे आश्रमगाव व्हर्जिनियात वसले, स्वामी राम यांची हिमालयन इन्स्टिट्यूट १९७१ मध्ये निघाली. सेवा हा शब्द तोच राहिला, पण आता तिच्यावर खोल्या, चादरी, बुकिंग आणि कर्जाचे हप्ते उभे होते.

स्वयंपाकघरात हा फरक सगळ्यात आधी कळतो. शंभर पानांचा स्वयंपाक म्हणजे माणशी ६० ते ७५ ग्रॅम कोरडी डाळ धरून सहा ते साडेसात किलो डाळ आणि आठेक किलो तांदूळ. घरच्या अंदाजाने इथे भागत नाही, कारण मोठ्या पातेल्याचे गुणधर्म वेगळे असतात. आठ किलो तांदळाचा भात पातेल्यातच राहिला तर तो मधोमध तासन्‌तास कोमट राहतो, आणि बॅसिलस सीरियस या जीवाणूला तेच हवे असते. त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि त्याने तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवायचा, किंवा उथळ परातींत पसरून झटपट गार करून शीतकपाटात टाकायचा. राजम्याचे तसेच. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय त्यातले लेक्टिन हे विषारी प्रथिन निकामी होत नाही, आणि मंद आचेच्या विजेच्या भांड्यात ८० अंशांच्या आसपास शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही त्रासदायक ठरू शकतो. परवा आलेल्या, अत्यंत निष्ठावान स्वयंसेवकाला हे ठाऊक नसते. केंद्रे ‘आठवडाभर फक्त भाज्या चिरा’ म्हणतात त्यामागे हेच कारण असते. त्यात नव्या माणसाच्या नम्रतेची परीक्षा शोधू नये.

भांड्यांच्या पाळीलाही क्रम असतो. खरकटे काढणे, साबणाच्या गरम पाण्याची टाकी, स्वच्छ पाण्याची टाकी, निर्जंतुक करणारी टाकी, आणि मग भांडे उपडे घालून हवेवर वाळवणे. घाईत कोणी फडक्याने पुसायला घेतले की शेवटच्या टाकीवर पाणी पडले म्हणून समजावे. सामायिक राहणीत नोरोव्हायरस आला तर अख्खे केंद्र आडवे होते. त्यावर अल्कोहोलच्या जेलचा फारसा उपयोग होत नाही, साबण-पाणीच लागते. उलटी-जुलाब थांबल्यावर पुढचे ४८ तास त्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. ‘बरे वाटतेय, सेवा चुकायला नको’ हा उत्साह इथे नेमका उलटा पडतो.

कायद्याने या व्यवहारात पहिल्यांदा ठळकपणे लक्ष घातले ते योगाच्या नव्हे, एका ख्रिस्ती संस्थेच्या प्रकरणात. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टोनी अँड सुझन अलामो फाउंडेशनविरुद्ध निकाल दिला. या संस्थेचे ‘सहयोगी’ पेट्रोलपंप, दुकाने असे व्यवसाय चालवत आणि बदल्यात अन्न, वस्त्र, निवारा घेत. आम्हाला पगार नकोच, असे त्यांनी स्वतः कोर्टात सांगितले. तरीही न्यायालयाने तो निवारा म्हणजे वेतनाचेच दुसरे रूप धरले. काम करणाऱ्याने स्वखुशीने हक्क सोडला तरी कायदा तो सोडत नाही, हे तेव्हा पक्के झाले.

पुढचे धक्के आतून आले. १९९४ मध्ये, शिष्यांना ब्रह्मचर्य शिकवणाऱ्या देसाईंचे शिष्यांशी असलेले संबंध उघड झाले आणि त्यांना कृपालु सोडावे लागले. गुरुप्रधान आश्रम मोडला आणि पगारी कर्मचाऱ्यांचे केंद्र उभे राहिले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, मँग्रोव्ह माउंटन इथल्या सत्यानंद आश्रमात १९७० आणि १९८० च्या दशकांत झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची सुनावणी घेतली. आज अर्जातच वयाची अट, ओळखपत्रे, पूर्वचारित्र्याची तपासणी आणि तक्रार कोणाकडे करायची याचा रकाना दिसतो, तो अशा घटनांनंतर आला आहे. अर्ज भरताना तो रकाना रिकामा किंवा मोघम आढळला तर बाकी कितीही छान असले तरी थांबावे.

आणि मग २५ एप्रिल २०२३. जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयापुढे एका योगाश्रमातल्या माजी सेविकेचा खटला होता. कायद्याची पदवीधर असलेली ही बाई मार्च २०१२ ते जून २०२० आश्रमात राहिली होती. करारात आठवड्याला ४२ तास सेवा, बदल्यात राहणे-जेवण आणि महिन्याला ३९० युरोपर्यंत हातखर्च. २०१७ पासूनच्या किमान वेतनापोटी तिने ४६ हजारांहून अधिक युरो मागितले. आश्रमाचे म्हणणे असे की आम्ही आध्यात्मिक समुदाय आहोत, धर्मसंस्थांना असलेली स्वायत्तता आम्हालाही आहे. न्यायालयाने ते मानले नाही. संस्थेच्या घटनेत इतक्या विविध परंपरांचा आधार घेतला होता की त्यातून एखादा सुसंगत धर्म किंवा जीवनदृष्टी उभी राहते असे न्यायालयाला दिसले नाही. सेविका सूचनांनुसार काम करत होती, म्हणून ती कर्मचारी ठरली. रक्कम ठरवायला प्रकरण हाम शहरातल्या खालच्या श्रम न्यायालयाकडे परत गेले. ‘आमच्याकडे सगळ्यांचे स्वागत, कुठलाही एक धर्म नाही’ हे वाक्य बहुतेक योगकेंद्रे अभिमानाने छापतात. जर्मनीत तेच महागात पडले. ब्रिटनमध्ये १९९८ च्या किमान वेतन कायद्यात धर्मादाय धार्मिक समुदायात राहणाऱ्या सदस्यांसाठी वेगळी सवलत आहे. तीही समुदायाच्या हेतूवर अवलंबून आहे, नुसत्या नावावर नाही.

दरम्यान दुसऱ्या बाजूने एक वेगळाच प्रवाह येऊन मिळाला होता. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सेंद्रिय शेतांवर शनिवार-रविवार काम करून राहणे-जेवण मिळवण्याची योजना सुरू झाली आणि ती ‘वूफ’ या नावाने जगभर पसरली. ‘काही तास काम, बदल्यात मुक्काम’ हे सूत्र त्यामुळे सर्वपरिचित झाले, आणि शिष्यत्वाशी काही देणेघेणे नसलेले तरुण महिना-दोन महिन्यांसाठी योगकेंद्रांत येऊ लागले. आज बहुतेक ठिकाणी असे दोन थर आहेत. वर्षानुवर्षे राहणारे निवासी, आणि आठवड्याला २० ते ३० तास काम करणारे अल्पकालीन स्वयंसेवक. बहुतेक कुरबुरी या दोघांच्या सीमेवरच होतात. निवाशाला कामाचे तास मोजणेच कमीपणाचे वाटते, नव्याला ते न मोजणे फसवणूक वाटते.

शरीराचाही हिशेब आहे. सकाळ-संध्याकाळ आसने आणि मधे गाद्या उचलणे, फरशी पुसणे असे केले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कंबर किंवा मांडीच्या मागचे स्नायू बोलू लागतात. पुढे वाकण्याची आसने त्या दिवसांत अर्ध्यावर आणावीत, वाढवू नयेत. शिबिर संपून त्याच दुपारी नवे सुरू होते तो खोल्या बदलण्याचा दिवस सगळ्यात जड. त्या दिवशी संध्याकाळचा वर्ग सोडण्याची मुभा लेखी आहे का, हे आधीच विचारून ठेवावे. दुखापत झाल्यास खर्च कोणाचा, हेही. स्वयंसेवक कर्मचारी धरला जात नसेल तर कामगार विम्याचे छत्र बहुधा त्याच्यावर नसते.

परदेशी जाणाऱ्याने व्हिसाचा शब्दन्‌शब्द वाचावा, कारण निवाऱ्याला वेतन मानण्याची नजर इमिग्रेशन अधिकाऱ्यालाही असते. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर कामाच्या बदल्यात राहणे हे बेकायदा कामच धरतात, आणि विमानतळावर ‘मी तिथे सेवा करणार आहे’ एवढे सांगितल्यावरही चौकशी होऊ शकते. भारताच्या ई-टूरिस्ट व्हिसावर अल्पकालीन योगवर्गाला परवानगी आहे आणि स्वयंसेवेलाही आहे, पण जास्तीत जास्त एक महिना, आणि पैसे किंवा कोणताही मोबदला न घेता. त्या ‘कोणत्याही मोबदल्या’त खोली आणि दोन वेळचे ताट येते का, हे केंद्राकडून निघण्यापूर्वी लेखी घ्यावे.