डोराचे बोगदे आणि पेपरक्लिपच्या फाईली

१७ ऑक्टोबर १९८४ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने एक निवेदन काढले. आर्थर रुडॉल्फ नावाचा निवृत्त अभियंता अमेरिका सोडून पश्चिम जर्मनीला गेला आहे आणि त्याने अमेरिकी नागरिकत्वही सोडले आहे. महायुद्धात क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात वेठीला धरलेल्या कैद्यांच्या छळात त्याचा हात होता, या आरोपावर खटला लढण्याऐवजी त्याने हा मार्ग पत्करला, असे त्यात म्हटले होते. बाहेरच्या जगाला हे नाव फारसे माहीत नव्हते, पण नासात ते सर्वांना ठाऊक होते. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचा प्रकल्प व्यवस्थापक रुडॉल्फच होता. १९६९ मधल्या निवृत्तीच्या सुमारास नासाने त्याला विशिष्ट सेवा पदक दिले होते.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत सरकारला त्याच्याविषयी असे काय नवे कळले? मूळ गोष्ट तर १९४५ पासूनच कागदावर होती. त्या वर्षी जर्मनीत त्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्याने शेरा मारला होता: शंभर टक्के नाझी, धोकादायक माणूस, स्थानबद्ध करावे. म्हणजे माहिती होती. तिचे काय करायचे, याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये विचारपूर्वक झाला. त्या निर्णयाची ही पार्श्वभूमी.

बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडे येथे जर्मन लष्कराचे रॉकेट संशोधन केंद्र होते. लष्कराच्या बाजूने वाल्टर डोर्नबर्गर आणि तांत्रिक बाजूने तरुण वेर्नर फॉन ब्राऊन त्याची धुरा सांभाळत. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी तिथून ए-४ रॉकेटचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. पुढे हेच रॉकेट व्ही-२ या नावाने लंडन आणि अँटवर्पवर कोसळले. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर बॉम्बवर्षाव केला, तेव्हा उत्पादन जमिनीखाली नेण्याचे ठरले. जागा निवडली गेली मध्य जर्मनीत, नॉर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन डोंगराच्या पोटातली.

बोगदे खोदायला आणि वाढवायला माणसे आली बुखेनवाल्डच्या छळछावणीतून. ऑगस्ट १९४३ च्या अखेरीस पहिली तुकडी पोहोचली आणि ‘डोरा’ ही उपछावणी सुरू झाली. पहिले काही महिने कैद्यांना बाहेर बराकीच नव्हत्या. ते बोगद्यातच राहत. सुरुंगाची धूळ, ओल, चार मजली फळ्यांचे बिछाने, पुरेसे पाणी नाही, आठवड्यांमागून आठवडे सूर्यदर्शन नाही. फ्रेंच, पोलिश, रशियन, इटालियन, चेक अशी ही माणसे होती. बारा-बारा तासांच्या पाळीत ती दगड फोडत आणि नंतर जगातले सर्वांत प्रगत यंत्र जोडत. घातपाताचा नुसता संशय आला तरी फाशी होई. १९४५ च्या मार्चमध्ये तर बोगद्यातल्या क्रेनलाच माणसे लटकवली गेली आणि बाकीच्यांना त्यांच्या जवळून चालायला लावले गेले. डोरा आणि तिच्या उपछावण्यांतून सुमारे ६०,००० कैदी गेले. त्यांतले जवळपास २०,००० मेले. व्ही-२ पडून जितकी माणसे मेली, त्याहून कितीतरी अधिक त्या छावण्यांत मेली. रॉकेटच्या इतिहासाची सुरुवात मी या आकड्यापासून करतो. पुष्कळ पुस्तकांत तो तळटिपेत ढकललेला असतो, आणि ते मला मान्य नाही.

या बोगद्यातल्या मिटेलवेर्क कारखान्यात उत्पादनाचा प्रमुख होता रुडॉल्फ. कैद्यांकडून काम करून घेण्याची कल्पना केवळ एसएसने, म्हणजे छळछावण्या चालवणाऱ्या नाझी निमलष्करी संघटनेने, लष्करी अभियंत्यांच्या गळ्यात मारली, असे पुढे सांगितले गेले, पण कागदपत्रे वेगळे सांगतात. एप्रिल १९४३ मध्ये रुडॉल्फ ओरानियनबुर्गच्या हाइन्केल विमान कारखान्यात कैदी कसे राबवले जातात ते पाहून आला आणि पेनेम्युंडेतही तसेच करावे, अशी शिफारस त्याने लिहून दिली. फॉन ब्राऊन १९३७ पासून नाझी पक्षाचा आणि १९४० पासून एसएसचा सदस्य होता. एसएसमध्ये तो मेजरच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंत चढला. मार्च १९४४ मध्ये गेस्टापो या गुप्त पोलिसांनी त्याला काही दिवस कोठडीत टाकले होते. त्याचे समर्थक हा प्रसंग हमखास सांगतात आणि तो खराही आहे. पण त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टचे त्याच्या सहीचे एक पत्रही खरे आहे. मिटेलवेर्कच्या एका अधिकाऱ्याला तो त्यात कळवतो, की आपण बुखेनवाल्डला जाऊन कुशल कैदी पाहिले आणि त्यांच्या बदलीबाबत छावणीच्या कमांडंटशी बोललो.

११ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्य नॉर्डहाउझेनमध्ये शिरले. गावातल्या बराकींत त्यांना हजाराच्या वर प्रेते सापडली आणि त्यांतच पडलेली जिवंत माणसे. डोंगराच्या पोटात सापडली जोडणीच्या रांगेवर उभी असलेली रॉकेटे. हा भाग करारानुसार १ जुलैपासून सोव्हिएत ताब्यात जायचा होता. म्हणून मेअखेरपर्यंत सुमारे शंभर व्ही-२ होतील इतके सुटे भाग रेल्वेने अँटवर्पला आणि तिथून जहाजाने अमेरिकेत रवाना झाले. एका बंद खाणीत लपवलेली पेनेम्युंडेची चौदा टन कागदपत्रेही शोधून बाहेर काढली गेली. फॉन ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी आल्प्समध्ये २ मे रोजी स्वतःहून शरणागती पत्करली होती. आपली किंमत त्यांना नेमकी ठाऊक होती.

जुलै १९४५ मध्ये ‘ओव्हरकास्ट’ मोहिमेला मंजुरी मिळाली. जपानविरुद्धचे युद्ध लवकर संपवायला काही जर्मन तज्ज्ञ तात्पुरते आणायचे, असा तिचा घोषित हेतू होता. जपान शरण आल्यावरही मोहीम थांबली नाही. मार्च १९४६ मध्ये तिचे नाव ‘पेपरक्लिप’ झाले आणि सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी तिच्या विस्तारित रूपाला संमती दिली. संमतीसोबत एक अट होती: जो नाझी पक्षाचा केवळ नावापुरता सदस्य नव्हता, किंवा ज्याने नाझीवादाला सक्रिय पाठिंबा दिला, त्याला आणायचे नाही.

या अटीचे पुढे काय झाले, हाच मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. अट काटेकोर लावली असती, तर मोहिमेला हवी असलेली बरीचशी नावे गळाली असती. मोहीम चालवणाऱ्या संयुक्त गुप्तवार्ता संस्थेने अट बदलून मागितली नाही. तिने फाईली बदलून घेतल्या. जर्मनीतल्या लष्करी प्रशासनाकडून येणारे प्रतिकूल सुरक्षा अहवाल परत पाठवले जात आणि नव्याने लिहून मागवले जात. १९४७ च्या अहवालात फॉन ब्राऊन सुरक्षेला संभाव्य धोका मानला गेला होता. पुढच्या वर्षीच्या अहवालात तो तसा नसावा, असे मत आले. मधल्या काळात त्याचा भूतकाळ अर्थातच बदललेला नव्हता. परराष्ट्र खात्याचे प्रतिनिधी सॅम्युअल क्लाऊस माहिती पाहिल्याशिवाय व्हिसाला मान्यता द्यायला तयार नव्हते. त्यांना अडथळा ठरवून बाजूला सारले गेले. संस्थेचे संचालक बॉस्केट वेव्ह यांचे म्हणणे होते की नाझी भूतकाळ उगाळत बसणे आता व्यर्थ आहे आणि ही माणसे रशियाच्या हाती लागणे हाच मोठा धोका आहे.

विरोध झाला नाही असे नाही. १९४६ च्या डिसेंबरमध्ये अल्बर्ट आइन्स्टाईन यांच्यासह अनेक मान्यवरांनी ट्रुमन यांच्याकडे निषेध नोंदवला. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांची आई ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांची जर्मनीतली नोकरी गेली होती. त्यांनी एका सहकाऱ्यासोबत जाहीर लेख लिहून विचारले, की हा सौदा शहाणपणाचा आहे का आणि आपल्या नीतीत बसतो का? ज्यांना हाकलून दिले गेले, त्यांनी हाकलणाऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांचे स्वागत पाहावे, ही वेदना समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

कायदेशीर प्रवेशाची अडचणही सोडवली गेली. ही माणसे व्हिसाशिवाय, लष्कराच्या ताब्यातली म्हणून आणली होती. त्यांना टेक्सासमधल्या एल पासोहून सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या सिउदाद ह्वारेसला नेले, तिथल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसा दिला आणि परत आणले. कागदोपत्री ते त्या दिवशी अमेरिकेत आले. फॉन ब्राऊनचा असा ‘प्रवेश’ नोव्हेंबर १९४९ मधला आहे.

दरम्यान १९४७ मध्ये डाखाऊ येथे अमेरिकी लष्करी न्यायालयात डोराचा खटला चालला. आरोपी एकोणीस. पंधरा दोषी ठरले, एकाला फाशी झाली. त्यांत बहुतेक एसएसचे पहारेकरी आणि छावणीतले मुकादम होते. कारखान्याच्या बाजूचा एकच मोठा माणूस पिंजऱ्यात होता: मिटेलवेर्कचा महाव्यवस्थापक गेऑर्ग रिकाय. पेपरक्लिपखाली अमेरिकेत आणलेल्या या माणसाला खटल्यासाठी परत पाठवले गेले आणि तो निर्दोष सुटला. निकालाबद्दल मतभेद असू शकतात. पण एक गोष्ट या प्रकरणाने सिद्ध केली: अमेरिकेत आणलेल्या माणसालाही न्यायालयासमोर उभे करता येत होते. विज्ञान हवे असेल तर न्याय सोडावाच लागेल, अशी जी बाजू मांडली जाते, ती इथेच लंगडी पडते. रुडॉल्फ आणि फॉन ब्राऊन यांना डाखाऊच्या न्यायालयात कुणी आणले नाही.

‘आपण नाही घेतले तर रशिया घेईल’ हा युक्तिवाद मात्र पोकळ नव्हता. २२ ऑक्टोबर १९४६ च्या पहाटे सोव्हिएत सैनिकांनी एकाच वेळी दोन हजारांहून अधिक जर्मन तज्ज्ञांची दारे ठोठावली आणि त्यांना कुटुंबासह गाडीत बसवून रशियाला नेले. त्यात फॉन ब्राऊनचा सहकारी हेल्मुट ग्र्योट्रुपही होता. ब्रिटननेही माणसे उचलली, फ्रान्सनेही. पण सोव्हिएत स्पर्धेमुळे फार तर त्यांना का आणले हे कळते. त्यांच्याविषयीचे अहवाल का बदलले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते बदलले गेले स्वतःच्या राष्ट्राध्यक्षांची अट चुकवण्यासाठी, स्वतःच्या जनतेला कळू नये म्हणून.

फ्रान्सचा धागा आपल्यापर्यंत येतो. पेनेम्युंडेतला इंजिनतज्ज्ञ कार्ल-हाइन्झ ब्रिंगर युद्धानंतर फ्रान्समध्ये व्हर्नोन इथल्या प्रयोगशाळेत गेला. तिथे पुढे व्हायकिंग हे रॉकेट इंजिन तयार झाले. १९७४ च्या करारानुसार इस्रोचे अभियंते तिथे काम करून आले आणि त्या इंजिनाची आपली आवृत्ती म्हणजे ‘विकास’. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात आणि चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटमध्ये ते आहे, आणि मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात ते बनते. फोके-वुल्फ लढाऊ विमानांचा आरेखक कुर्ट टांक तर अर्जेंटिनामार्गे १९५६ मध्ये थेट बंगळूरलाच आला. त्याच्या चमूने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या अभियंत्यांसह ‘मारुत’ बनवले. ते १९६१ मध्ये उडाले आणि १९७१ च्या युद्धात लढले. जर्मनीतल्या इतर विमान कारखान्यांप्रमाणे फोके-वुल्फमध्येही वेठबिगार राबले होते. मारुतचा अभिमान मलाही आहे. पण त्याची गोष्ट सांगताना हे वाक्य आपण गाळतो, हेही खरे आहे.

अमेरिकेत एकूण सुमारे १,६०० तज्ज्ञ आले. सगळ्यांवर डाग नव्हता. काहींवर मोठा होता. वैमानिकी वैद्यकातला हुबेर्टुस श्ट्रुगहोल्ड १९४२ च्या ज्या न्युरेंबर्ग परिषदेत हजर होता, तिथे डाखाऊ छळछावणीच्या कैद्यांवर केलेल्या गोठवण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले गेले होते. त्याला अमेरिकेत ‘अवकाश वैद्यकाचा जनक’ म्हणून मान मिळाला. टेक्सासमधल्या हवाई दलाच्या ग्रंथालयाला दिलेले त्याचे नाव १९९५ मध्ये काढले गेले, आणि त्याच्या नावाचा पुरस्कार २०१३ मध्ये बंद झाला.

चौकशीचे चक्र खऱ्या अर्थाने फिरले ते १९७९ मध्ये न्याय खात्यात विशेष तपास कार्यालय स्थापन झाल्यावर. कायदा शिकणाऱ्या एली रोझेनबॉम यांच्या हाती डोरातून वाचलेल्या एका फ्रेंच कैद्याच्या आठवणी पडल्या, तिथून रुडॉल्फचा माग लागला. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात त्याची जबानी झाली. कैदी मरत होते हे आपल्याला ठाऊक होते, हे त्याने मान्य केले. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये समझोता झाला आणि मार्च १९८४ मध्ये तो निघून गेला. पश्चिम जर्मनीतल्या सरकारी वकिलांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून १९८७ मध्ये फाईल बंद केली. १९९६ मध्ये हँबुर्गला तो वारला, शिक्षा न होता. फॉन ब्राऊन १९७७ मध्येच गेला होता. तपास कार्यालय स्थापन व्हायला अजून दोन वर्षे होती. चंद्रावर पोहोचून झाल्यावर आणि ही माणसे निवृत्त झाल्यावर प्रश्न विचारले गेले, यात मला योगायोग दिसत नाही. १९४७ मध्ये साक्षीदार जिवंत होते, आठवणी ताज्या होत्या, आणि त्याच वर्षी गप्प बसणे सोयीचे होते.

जपानच्या बाबतीत तर सौदा आणखी उघड होता. ईशान्य चीनमधल्या मांचुरियात हार्बिनजवळ पिंगफांग येथे लष्करी डॉक्टर शिरो इशीच्या ‘युनिट ७३१’ ने जिवंत माणसांवर प्लेग, अँथ्रॅक्स, कॉलऱ्याचे प्रयोग केले, भूल न देता शरीरे फाडली आणि चीनच्या गावांवर प्लेगबाधित पिसवा टाकल्या. एकट्या त्या केंद्रातच किमान ३,००० माणसे मारली गेली. मे १९४७ मध्ये जपानचा ताबा सांभाळणारे अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांच्या टोकियोतल्या मुख्यालयाने वॉशिंग्टनला कळवले, की युद्धगुन्ह्यांपासून लेखी संरक्षण मिळाले तर इशी सर्व सांगायला तयार आहे. संरक्षण मिळाले. अमेरिकी तज्ज्ञ एडविन हिल यांनी वर्षअखेरीच्या अहवालात लिहिले, की मानवी प्रयोगांबाबतच्या संकोचामुळे अशी माहिती आपल्या प्रयोगशाळांत मिळणे शक्य नव्हते, आणि ती मिळवायला अडीच लाख येन लागले, म्हणजे फारच थोडे. टोकियोच्या ज्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणावर भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल बसले होते, तिथे या गुन्ह्यांवर खटला उभाच राहिला नाही. सोव्हिएत संघाने डिसेंबर १९४९ मध्ये खाबारोव्स्कला बारा जपान्यांवर खटला चालवला, तेव्हा पश्चिमेने त्याला प्रचार म्हणून झटकून टाकले. इशी १९५९ मध्ये टोकियोत आजारपणाने मेला.

ऑगस्ट २००२ मध्ये १८० चिनी फिर्यादींच्या दाव्यावर टोकियो जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. युनिट ७३१ ने जैविक युद्ध केले आणि त्यात माणसे मेली, हे न्यायालयाने प्रथमच मान्य केले. भरपाई मात्र नाकारली. मे २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले.