संभाव्य भारत-चीन युद्ध आणि पुणे

भारत आणि चीन या दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये पुढेमागे युद्ध पेटलेच, तर ते कुठे, कसे आणि किती दिवस चालेल याची कल्पना करून केलेली मांडणी. पुण्यात लष्कराच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग असल्यामुळे हा विषय इथे कायम चर्चेत असतो. बरीचशी चर्चा नकाशावरच्या बाणांपाशीच संपते. प्रत्यक्षात अशा युद्धाचा निकाल उंची, वेळ आणि दारूगोळा या तीन गोष्टींवर लागेल, आणि तिसरीचा बराच भार पुण्यावर आहे.

चर्चेची सुरुवात अर्थातच १९६२ पासून होते. २० ऑक्टोबरला चिनी सैन्याने हल्ला केला आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच धामधुमीत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र आजही म्हणतो. त्या युद्धात भारताने हवाई दल हल्ल्यासाठी वापरले नव्हते. आजच्या जवळपास प्रत्येक कल्पनाचित्रात मात्र विमाने, ड्रोन आणि क्षेपणास्त्रे पहिल्याच दिवशी येतात. १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष ताबारेषेपासून २ किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असे ठरले होते. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात गोळी न झाडता २० भारतीय जवान मारले गेले. त्या वेळचे लष्करप्रमुख मनोज नरवणे पुण्याचेच. त्याआधी २०१४ आणि २०१६ मध्ये याच दोन सैन्यांनी पुण्यात औंधच्या लष्करी तळावर ‘हँड इन हँड’ हा दहशतवादविरोधी सराव खांद्याला खांदा लावून केला होता, हे आता फारसे कुणाला आठवत नाही.

रणभूमी म्हणून पूर्व लडाख, अरुणाचलातले तवांग आणि ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणारी, जेमतेम २२ किलोमीटर रुंदीची सिलिगुडीची चिंचोळी पट्टी ही नावे ठरलेली आहेत. हिंदी महासागरात चीनचा तेलपुरवठा अडवण्याचा विचारही मांडला जातो.

उंचीचा मुद्दा नीट समजून घ्यावा लागतो. मैदानी भागातली पलटण विमानाने लेहला उतरवली म्हणून दुसऱ्या दिवशी लढू शकत नाही. ९,००० फुटांवर ६ दिवस, १२,००० फुटांवर ४ आणि १५,००० फुटांच्या वर आणखी ४, असे टप्प्याटप्प्याने शरीर सरावावे लागते. म्हणजे दोन आठवडे गेले. मैदानातून आणलेल्या चिनी सैनिकालाही यातून सुटका नाही. तिबेटमधल्या विमानतळांवर हवा विरळ असल्याने चिनी विमानांना इंधन किंवा बॉम्ब कमी घेऊन उडावे लागते. ही भारताची जमेची बाजू. उलट तिबेटचे पठार सपाट आहे आणि ल्हासापर्यंत २००६ पासून रेल्वे आहे, त्यामुळे रसद पोहोचवणे चीनला सोपे जाते.

तोफांनाही उंची जाणवते. विरळ हवेत गोळा जास्त लांब जातो, तर थंडीने प्रणोदक (गोळा पुढे ढकलणारी दारू) वेगळ्या गतीने जळते. त्यामुळे किती अंतरासाठी नळीचा कोन किती ठेवायचा याचे मैदानातले तक्ते तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. तोफा आणि रॉकेटे यांवरचे काम पाषाणच्या एआरडीई या प्रयोगशाळेत चालते, तर प्रणोदकांचे काम शेजारच्या एचईएमआरएलमध्ये. ४४ सेकंदांत १२ रॉकेटे सोडणारी पिनाका ही रॉकेट यंत्रणा आणि सुमारे ४८ किलोमीटर मारा करणारी अटॅग्स तोफ ही एआरडीईची कामे. पूल बांधणारी यंत्रणा दिघीत तयार होते, आणि ते पूल उभारणाऱ्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे घर खडकीत आहे.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. २०२१ पासून तो ज्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे, तिचे मुख्यालयही पुण्यातच. ४० दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका साठा असावा असा निकष होता. २०१७ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार कित्येक प्रकारांत तो १० दिवसांपुरताही नव्हता. नंतर परिस्थिती सुधारली, तरी छोट्या, झटपट युद्धाची स्वप्ने रंगवणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

युद्धाची झळ कारखान्यांना पहिल्या गोळीआधीच बसेल. गलवाननंतर तळेगावचा मोटार कारखाना घेण्याचा एका चिनी कंपनीचा बेत बारगळला. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विद्युत मोटारींत लागणाऱ्या दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या विद्युत दुचाकींच्या उत्पादनाला फटका बसला. औषधांच्या कच्च्या मालासाठीही आपण चीनवर फार अवलंबून आहोत.

पुणे स्वतः लक्ष्य ठरू शकते का? सुमारे ४,००० किलोमीटर पल्ल्याच्या चिनी डीएफ-२६ क्षेपणास्त्राला पुणे लांब नाही, आणि लोहगावच्या हवाई तळावर सुखोई-३० लढाऊ विमाने आहेत. अण्वस्त्रे प्रथम न वापरण्याचे दोन्ही देशांचे जाहीर धोरण असल्याने बहुतेक मांडण्या पारंपरिक युद्धापुरत्याच राहतात.

या मांडण्यांत सर्वांत कमी जागा जखमींना मिळते, आणि ही त्यांची गंभीर उणीव आहे. कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकीत १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चालते. अपंग सैनिकांना नवे काम शिकवणारी, १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटही खडकीतच आहे. वानवडीचे कमांड हॉस्पिटल आणि एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय धरून, मोठ्या युद्धात हिमदंश, तुटलेले अवयव आणि कण्याच्या दुखापती घेऊन येणाऱ्या जवानांचा मोठा ओघ याच शहराकडे असेल, आणि त्यातल्या अनेकांचे उपचार युद्धबंदीनंतर कित्येक वर्षे चालतील.